नारळाची कुस्ती

आमच्या घरात माशाचं डोकं बाबांचं असे. जिताडा असो नाहीतर साधी बोय, कालवणाचं मडकं चुलीवरून उतरलं की आई आधी डोकं काढून बाबांच्या ताटात ठेवी आणि मग बाकीच्यांना वाढी. बाबा ते निवांत चोखून चोखून खात. मधेच गालाचा मऊ तुकडा काढून माझ्या भाकरीवर ठेवत आणि आईला दिसलं नाही असं समजत. आईला सगळं दिसे. ती चुलीकडे तोंड करून तांदळाची भाकरी थापत म्हणे, "पोरीला लाडावून ठेव. उद्या नवऱ्याच्या ताटातलं डोकं पलवील ती." बाबा हसत. त्यांचं हसणं मोठं नव्हतं, नाकातून येई. अंगणात वाळणाऱ्या जवळ्याचा वास, काकाच्या पडवीतून जाळं विणताना येणारं गुणगुणणं आणि पाठीमागे दर्याची घरघर, एवढ्यात आमचं जेवण होई. मी तेव्हापासूनच अंगानं दांडगी. बारा-तेरा वर्षांची असताना ओल्या मासळीची पाटी बाईमाणसाची मदत न घेता डोक्यावर चढवायची. जनाकाकी म्हणायची, "हिला मुलगी म्हणून देवानं पाठवली नि वाटंत इचार बदलला." जनाकाकी आमच्या धोंडूकाकाची बायको, भिंतीला भिंत लावून राहायची आणि तोंडाची फटकळ होती.

एका होळीनंतर अचानक वारा फिरला आणि बाबांची होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली. सोबतचे दोघे पोहत आले. बाबा आले नाहीत. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर जमला, बायांनी टाहो फोडला. मी काथ्याच्या वेटोळ्यावर बसून राहिले. रडू येईल म्हणून वाट बघितली, आलं नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो ना, आपलाच असून दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं माझं सगळं झालं होतं. नंतर मुंग्या येतात आणि हात परत आपला होतो. मला मुंग्याच आल्या नाहीत. काही दिवसांनी आई कालवणात मीठ घालायलाच विसरली. काकानं पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. मी मात्र सगळं संपवलं, बोटंसुद्धा चाटली. आईही जेवली. आळणी आहे हे आम्हा दोघींना काकानं सांगितल्यावर कळलं. तेव्हापासून मला कशाचीच चव लागेनाशी झाली. पोट भरायचं म्हणून भरायचं.

दर्यात गेलेल्याचं अंग सापडलं नाही तर आमच्याकडे गवताचा माणूस करतात. त्याला पळसाची पानं बांधायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग सुतक धरायचं, मग बाईनं कुंकू पुसायचं. धोंडूकाकानं हे आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातली पळी खाली ठेवली. "माझा घरधनी गवताचा न्हाय," ती म्हणाली. "डोल्यानं बघीन तवा पुशीन." आणि ती रोज भरती-ओहोटी बघून किनाऱ्यावरच्या काळ्या खडकावर जाऊन बसू लागली. मासळीला हात लावीना, कालवण मीच करी. मडक्यातलं डोकं तसंच राही आणि दुसऱ्या दिवशी मांजराला जाई.

शेवटी काकानं तोडगा काढला: गावदेवीला कौल लावू, देवी सांगेल ते ऐकायचं. आमच्याकडे गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं विचारलं, हिचा घोव जिवंत आहे का? आम्ही ताटकळत बसलो. समई विझत आली, पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. गुरव घाम पुसत म्हणाला, "देवी आज बोलत न्हाय, वयनी. कवा बोलंल, कुठं बोलंल, तिचं तिला ठाव." हे त्याचं वाक्य मी इतकं नीट लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्या वाक्यातून झालं. बिचारा वेळ मारून नेत होता. आईनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

पुढच्या शिवरात्रीला आम्ही होडीनं खाडी ओलांडून हरिहरेश्वरच्या यात्रेला गेलो. देवदर्शन झालं, आई आणि जनाकाकी सावलीला बसल्या आणि मी भटकत एका कनाती लावलेल्या जागेत शिरले. आत लाल मातीचा हौदा केला होता. धिप्पाड काळा पैलवान शड्डू ठोकत फिरत होता आणि फेटेवाला एक म्हातारा कर्ण्यातून ओरडत होता, "हाय का कुणी आईचं दूध प्यालेला? या रंगरावाला जो पाडंल त्याला देवाचा नारळ!" गावोगावचे गडी उतरत आणि पालथे पडत. मला कुणीतरी मागून चिडवलं, "तू जा की, पाटीवाली." मी गेले. धाडस वगैरे काही नव्हतं. जायचं की नाही असं मनात आलंच नाही. नऊवारीचा कासोटा कोळणीला काही नवा नाही, तो घट्ट केला आणि मातीत उतरले. लोक खदाखदा हसले, दोन म्हातारे 'शिव शिव' म्हणत उठून गेले. रंगरावानं माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे, तांबारलेले, पण मायेचे. मी त्याला कमरेला धरलं आणि मासळीची पाटी उचलतात तसा खालून जोर लावला. तो गेला की हो वर! आणि धप्पकन पाठीवर. कनातीत एवढा आरडाओरडा झाला की आई धावत आली. मी नारळ घेऊन उभी होते. तिनं तो नारळ बघितला, मातीत पडलेला पैलवान बघितला आणि दोन्ही हात जोडून ओरडली, "दिला! बाय माझे, दिला!" मी समजले, लेक जिंकली म्हणून हरखली.

तो फेटेवाला म्हणजे अण्णा. घाटावरचा माणूस, त्याचा तंबू गावोगाव फिरायचा. त्यानं तिथल्या तिथे आईला विचारलं, पोरगी आमच्याबरोबर पाठवता का? आई नाही म्हणेल, चार शिव्या घालेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ती लगेच हो म्हणाली. आख्ख्या कोळीवाड्याला नवल वाटलं, जनाकाकी तर तिच्याशी महिनाभर बोलली नाही. आईचं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं.

अशी मी 'दर्याची वाघीण यमुना' झाले. पाली, तळा, रोहा, महाड, जिथे यात्रा तिथे आमचा तंबू. मी खांद्यावर वल्हं घेऊन पळत यायची, हौद्याला फेरी मारायची, पोरांच्या अंगावर बत्तासे उधळायची. मग रंगराव मिशा पिळत यायचा, माझं वल्हं हिसकून घ्यायचा, एखाद्या म्हातारीला वाकुल्या दाखवायचा. लोक त्याला शिव्यांची लाखोली वाहायचे. "यमू, उचल त्याला! यमू, आपट!" असा गजर व्हायचा. तो मला दोनदा-तीनदा खाली दाबायचा, बाया डोळ्यांना पदर लावायच्या, आणि मग त्याचा अंगठा माझ्या मानेवर हलकेच दोनदा टेकायचा. ती खूण. मग मी त्याला खांद्यावर घेऊन गरगर फिरवायची आणि चितपट करायची. याला कुस्तीच्या धंद्यात नुरा कुस्ती म्हणतात, म्हणजे कोण पडणार हे आधीच ठरलेली. लोकांनाही आतून ठाऊक असावं. पण तमाशातला राजा खोटा म्हणून कुणी तमाशा सोडून जात नाही. अण्णाचं एकच सांगणं असे, "हसायचं, यमुनाबाई. लोक कुस्ती बघाया येत न्हाईत, तुझं हसणं बघाया येत्यात." मी हसायची. दात चांगले होते. अजूनही त्यातले बरेच शाबूत आहेत, नातसुनेला विचारा. पण खरं सांगायचं तर त्या हसण्याच्या मागे काहीच नव्हतं. लोक मला खांद्यावर घेऊन नाचत आणि मी वरून त्यांच्या टोप्या, बोडकी, मुंडाशी बघत असे आणि मनात एवढंच येई की आता उतरवतील.

रंगराव माझा रंगूदा झाला. हौद्यातला हा राक्षस बाहेर गायीसारखा गरीब. तंबूतल्या सगळ्यांच्या भाकऱ्या तो बडवायचा, माझी भाकरी तव्यावरून थेट ताटात टाकायचा. "मीठ बरं हाय का गं?" असं रोज विचारायचा आणि मी रोज हो म्हणायची. एकदा मी त्याला विचारलं, पहिल्या दिवशी मी तुला खरं पाडलं का? तो पीठ मळत राहिला. "खरं सांगू? तुझ्या डोळ्यांत काय बी दिसंना, पोरी. म्हटलं, हिला एवढं तरी द्यावं." मला वाईट वाटायला हवं होतं. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

पावसाळ्यात तंबू बंद असे आणि मी घरी येई. दुसऱ्या पावसाळ्यात घरी आले तेव्हा आई निम्मी झाली होती. गालफडं बसलेली, पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू. श्रावणात एक दिवस ती खडकावर बसलेली असताना भरतीत काहीतरी काळं तरंगताना दिसलं. ते लाकूड होतं. आई सरळ पाण्यात चालत गेली, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. जनाकाकीनं बघितलं म्हणून बरं. तिनं पाण्यात उडी टाकून जाऊबाईला केसांना धरून ओढत आणलं. आम्ही तिला चुलीपाशी गोधडीत गुंडाळून बसवली. जनाकाकी रडत रडत शिव्या देत होती. आई मात्र शांत होती, माझ्याकडे बघून चक्क हसत होती.

"तो हाय, यमे," ती म्हणाली. "गुरव बोलला व्हता ना, देवी कवा बोलंल, कुठं बोलंल? ती तुझ्या हातानं बोलते. हरेश्वराला जिकलीस, पालीला जिकलीस, तल्याला जिकलीस. दर बारीला उजवा कौल."

मला क्षणभर काही समजेना. मग सगळं एकदम समजलं. तिनं मला तंबूत का पाठवली, मी जिंकल्याची बातमी आली की ती नवं लुगडं नेसून खडकावर का जाते, सगळंच.

"आये, ती कुस्ती खोटी असते गो," मी म्हटलं. "रंगूदा मुद्दाम पडतो. अण्णा सांगतो तसा पडतो."

"मंग त्याला पाडतो कोन? अन्नाच्या तोंडून कोन बोलतं?" आई म्हणाली. "देवीच ना?"

गळ्यात दगड बांधून समुद्रात उतरणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो, हिच्याशी येत नव्हता. बाहेर आल्यावर जनाकाकी मला म्हणाली, "पुढल्या येलंला मी घाटावर मासली इकाया गेलेली असंन. मंग कोन काढंल तिला?" मी विचारलं, आई हरण्याबद्दल काही बोलली का? काकी म्हणाली, "बोलली तं. ज्या दिवशी यमी पडंल, त्या दिवशी मी समजंन, म्हनली. तुझं काय, तू कुठं पडतेस!"

मी पडायचं ठरवलं ते तिथेच, अंगणात, पावसात वळचणीखाली, आणि तेही आईच्या डोळ्यांसमोर. आई मेली असती तर मला रडू आलं असतं की नाही, कुणास ठाऊक. पण ती मरायला नको एवढं मला पक्कं कळत होतं.

चैत्रात आमच्याच गावदेवीची यात्रा आणि अण्णाचा तंबू पहिल्यांदा आमच्या गावात आलेला. वाघीण माहेरी आली म्हणून ढोल-ताशे, किनाऱ्यापासून देवळापर्यंत पताका. सकाळी रंगूदा चुलीपाशी होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं पिठाचे हात तसेच कानावर ठेवले. "न्हाई जमायचं. माझी हाडं पडायला सवकलेली, पोरी. तुला तुझ्या गावात पाडलं तर ही कोळी मंडळी मला जाळ्यात बांधून दर्यात सोडतील."

"अण्णाला सांगू नको," मी म्हटलं. तो मान हलवत राहिला आणि त्याची भाकरी करपली. त्याची भाकरी करपलेली मी त्या एकाच दिवशी बघितली.

दुपार कलताना कुस्ती लागली. आई पुढेच बसली होती, उंडीच्या झाडाखाली, हिरव्या लुगड्यात, शेजारी जनाकाकी. मी वल्हं घेऊन फेरी मारली, बत्तासे उधळले, हसले. रंगूदा मिशा पिळायला विसरला. नेहमीसारखं त्यानं मला दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग त्याचा अंगठा मानेवर दोनदा टेकला. मी हलले नाही. त्याला वाटलं मला कळलं नाही, त्यानं पुन्हा टेकवला. लोक ओरडत होते, "उचल! यमे, उचल!"

"रंगूदा, पाड मला," मी त्याच्या कानाशी म्हटलं.

"न्हाई गं."

"माझी आय मरंल."

तो तसाच मला धरून उभा राहिला. त्याचा श्वास माझ्या खांद्यावर लागत होता आणि अण्णाच्या कर्ण्यातून काहीतरी घाईचं येत होतं. मग त्यानं माझा हात आपल्या खांद्यावरून पुढे ओढला, कंबर घातली आणि मला अशी फेकली की तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा समजलं, हा माणूस खरा केवढा पैलवान होता. माझी पाठ मातीला लागली. वर आभाळ होतं, एक घार होती. मी त्या घारीकडे बघत पडून राहिले.

गर्दीतून एकाची वहाण आली, मग करवंट्या आल्या. रंगूदा डोक्यावर हात घेऊन खाली बसला. तरणी पोरं बाह्या सरसावून उठली, तेवढ्यात आई उठली. तिला बघून पोरं थांबली. ती मातीत चालत आली. सगळ्यांना वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत मारणार. रंगूदालाही वाटलं असणार, त्यानं डोळे मिटून घेतले.

"पैलवान," आई म्हणाली, "तू जिकलास. तुझा नारल कुठाय?"

अण्णानं गोंधळून नारळ आणून दिला. रंगूदानं तो दोन्ही हातांनी आईपुढे धरला. आईनं तो ओटीत घेतला, तान्हं मूल घेतात तसा, आणि त्याच्या शेंडीवरून हात फिरवला. मग धोंडूकाकाकडे वळून म्हणाली, "भावजी, गवत कापून आना."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गवताचा माणूस केला. पळसाची पानं रंगूदानं बांधली. त्याच्या बोटांना गाठी चांगल्या जमत. डोक्याच्या जागी तो नारळ ठेवला. काकानं अग्नी दिला, नारळ फुटल्याचा आवाज झाला आणि आईनं ओल्या पदरानं कपाळ पुसलं. त्यानंतर ती रडली ती अशी की गावानं तसं रडणं ऐकलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला वाटलं होतं, आता माझंही होईल काहीतरी. झालं नाही. माझा हात तिच्या पाठीवर आहे, एवढंच मला दिसत होतं.

अण्णा माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. पण बेरकी माणूस तो. वाघीण पडू शकते म्हटल्यावर पुढे तंबूला दुप्पट गर्दी होऊ लागली. मी त्याच्याबरोबर आणखी बरीच वर्षं काढली, त्याबद्दल लोकांचं कौतुकानं खूप विचारून झालं आहे. माझ्या लेखी त्या काळातली मोठी कुस्ती ती हरलेली, आणि खरं तर तीही नाही. सुतक फिटल्यावरचं एक जेवण.

त्या दिवशी धोंडूकाकानं खाडीतला जिताडा आणला. आईनं कितीतरी दिवसांनी स्वतः मासा कापला, स्वतः वाटण वाटलं. मी भाकरी घेऊन बसले होते. तिनं मडकं उतरवलं, पळीनं डोकं काढलं, जरा वेळ पळी तशीच धरली आणि मग ते माझ्या ताटात ठेवलं. मी तिच्याकडे बघितलं.

"जिकून जिकून दमलीस गो," ती म्हणाली. "खा आता."

ती अंगठ्याची खूण तिच्या नजरेतून सुटली होती की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण आईला सगळं दिसे. मी गालाचा मऊ तुकडा काढला आणि तोंडात घातला.

"आये," मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय."

आईचा हात भाकरीवरच थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग घाईघाईनं पाणी आणायला उठली, आणि ती परत येईपर्यंत मी ताटावर ओणवी होऊन रडत होते.